आणलेली बाटली नेमकी कोणाची?

ताई,
गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांना रात्री जेवायला बोलावलं होतं. आम्ही दोघं धरून आठ. बेत मी आधीच ठरवला होता आणि त्याच्याबरोबर जाईल अशा व्हाइट वाइनच्या तीन बाटल्या आणून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. नवऱ्याचा एक जुना मित्र येताना रेड वाइनची बाटली घेऊन आला. "अरे, कशाला उगाच?" असं म्हणत मी ती घेतली, आत नेऊन ठेवली आणि कामाच्या गडबडीत विसरून गेले. निघताना तो हसत म्हणाला, "आमची बाटली आतच राहिली वाटतं!" दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याने टाकलं, "काही लोक चांगला माल स्वतःसाठी ठेवतात." नवरा म्हणतो, उघडायला हवी होती. मी म्हणते, मला दिली ना, मग कधी उघडायची ते मी बघेन. आमचा दोन दिवस अबोला. आता त्याच मित्राकडून आम्हाला जेवायचं आमंत्रण आलंय. मी स्वतः पीत नाही. तरी बाटली न्यायची का? आणि त्याची ती बाटली अजून आमच्याकडे तशीच आहे, तिचं काय करू?
– वैतागलेली यजमानीण

प्रिय वैतागलेल्या यजमानीणबाई,

तुमच्या नवऱ्याला आवडणार नाही, पण या भांडणात मी तुमच्या बाजूची आहे. सोळा आणे नाही, बारा आणे. उरलेल्या चार आण्यांचं पुढे बघू.

आधी काही न बोलता, न ठरवता दारात हातात ठेवलेली बाटली ही भेट असते. भेट दिली की तिच्यावरचा देणाऱ्याचा हक्क संपला. ती आज उघडायची, दोन महिन्यांनी उघडायची की दुसऱ्या कुणाला द्यायची, हे घेणाऱ्याने ठरवायचं. कुणी शर्ट भेट दिला तर तो तिथल्या तिथे अंगात घालून, गोल फिरून दाखवावा अशी कुणाची अपेक्षा नसते. वाइनच्या बाबतीत मात्र ती असते, कारण ती समोर उघडली तर देणाऱ्यालाही प्यायला मिळते. खरी गोची इथेच आहे. तुमच्या पाहुण्याच्या मनात बाटली म्हणजे वर्गणी होती: मी माझा वाटा आणलाय, आता तो सगळ्यांच्यात वाटू या. तुमच्या मनात ती भेट होती. दोघांचंही चूक नाही. पण दोघांनीही तोंड उघडलं नाही, आणि मग तोंड उघडलं ते दुसऱ्या दिवशी ग्रुपवर.

व्यवहार म्हणूनही तुमचं बरोबरच होतं. नेहमीच्या बाटलीत 750 मिलीलीटर वाइन असते. दीडशे मिलीचा एक ग्लास धरला तर पाच ग्लास. तुम्ही पीत नाही, म्हणजे पिणारे सात. प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलीहून थोडी जास्त, चार-पाच घोटांत संपेल एवढी. तेवढ्यासाठी मांडलेले ग्लास बदला, ज्यांच्या ग्लासात अजून व्हाइट आहे त्यांना थांबवा, आणि तुम्ही विचार करून जमवलेला बेत मध्येच मोडा, कशासाठी? रात्री सात-आठ माणसांना वेळेवर गरम जेवण देणाऱ्या माणसाने काय ओतायचं, हे त्याचं त्यालाच ठरवू द्यावं. प्राचीन ग्रीसमध्ये मद्यपानाच्या बैठकीसाठी एक जण मुद्दाम प्रमुख नेमत. वाइनमध्ये पाणी किती मिसळायचं आणि बैठक कोणत्या गतीने चालवायची, हे तो सांगे आणि बाकीचे ऐकत. ही पद्धत परत सुरू करावी असं मला पुष्कळ जेवणांच्या वेळी वाटलंय.

आता ते चार आणे. "कशाला उगाच?" असं आपण सगळेच म्हणतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्याच्या जोडीला तुमची बाटली आत गेली आणि पुन्हा दिसलीच नाही. देणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याने दुकानात उभं राहून निवडली असेल. दुकानदाराला दोन प्रश्न विचारले असतील. लेबल दिसेल अशी धरून दारात उभा राहिला असेल. तुम्ही लेबल बघितलंच नाही. त्याला लागलं ते हे असावं. बाटली उघडली नाही ही फक्त सांगायला मिळालेली तक्रार.

बाटली हातात घेतल्यावर अर्धं मिनिट द्या, एवढंच पुरतं. लेबल वाचा, मोठ्याने वाचा. द्राक्षाचं नाव किंवा वर्ष दिसलं तर त्यावर एखादं वाक्य बोला, नाही कळलं तर विचारा: "ही कशी असते? तुम्ही घेतलीये का आधी?" लोकांना आपण आणलेल्या वस्तूबद्दल बोलायला फार आवडतं. मग सरळ सांगा: "आज बेताबरोबर व्हाइट काढलीये, ही आम्ही निवांत उघडू आणि कशी होती ते कळवू." या वाक्याने दोन कामं होतात. बाटलीचं काय होणार हे त्याला कळतं. आणि ती आजच प्यावी असं त्याच्या मनात खरोखर असेल, तर बोलायची ही त्याची संधी असते. तो म्हणाला, "नाही नाही, ही खास आज सगळ्यांनी मिळून घ्यायला आणलीये," तर उघडा. मग बेत गेला खड्ड्यात. एका संध्याकाळी वाइन आणि पदार्थ यांचं जमलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, माणसांचं बिनसलं तर बिघडतं. जेवण उरकल्यावर गप्पांच्या वेळी ती काढली तर बेतही मोडत नाही.

"आज उघडू की ठेवू?" असं मात्र विचारू नका. भिडेखातर समोरचा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतो, तुम्ही "नाही, तुम्ही सांगा" म्हणता, आणि दारातली गर्दी वाढत जाते. तुम्ही ठरवा आणि सांगा.

पाहुण्याकडे वळू या, कारण बारा आणे चूक त्याची आहे. आपल्याला एखादी वाइन त्याच रात्री, त्याच जेवणाबरोबर सगळ्यांना प्यायला द्यायची असेल तर दोन दिवस आधी फोन करायचा. "माझ्याकडे एक चांगली बाटली आहे, शनिवारी आणू का? बेताबरोबर जमेल का?" एवढा एक फोन. यजमान म्हणाले "जरूर", की ती वर्गणी झाली, ती उघडली जाणार. म्हणाले "आम्ही सगळं ठरवून ठेवलंय", तर ती दुसऱ्या प्रसंगाला ठेवावी.

फोन केवळ मानापानासाठी नाही, त्याला वाइनच्या बाजूनेही अर्थ आहे. व्हाइट साधारण 8 ते 12 अंश सेल्सिअसला बरी लागते, फेसाळणारी त्याहून गार, रेड 15 ते 18 च्या आसपास. गाडीत तापलेली व्हाइट ऐन वेळी कुणी हातात दिली तर यजमानाने करायचं काय? फ्रिजमध्ये ती नीट गार व्हायला दोन तास तरी जातात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवायची, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा बाटलीला नीट लागत नाही, पाणी सगळीकडून टेकतं. जुन्या रेडची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो. ती आदल्या दिवशीपासून उभी ठेवून, हलक्या हाताने ओतायची असते. अशी बाटली पिशवीत आडवी टाकून, रस्त्याच्या खड्ड्यांतून हलवत आणली आणि "ही खास आहे, आत्ता उघडा" म्हटलं, तर पहिल्याच ग्लासात गढूळ कडवटपणा येणार. खास बाटली असेल तर ती आदल्या दिवशी पोचती करावी. तेवढी तसदी घ्यायची नसेल तर ती तितकीशी खास नाही असं समजावं.

आणि निघताना आपली न उघडलेली बाटली परत मागू नये. हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण मला आलेल्या पत्रांत तेही आहे. प्रत्येकाने आपापलं आणायचं असं आधी ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उरलेलं ज्याचं त्याने न्यावं, पण यजमानाने "घेऊन जा" म्हटल्यावर.

ग्रुपवरचा तो टोमणा. त्याला तुम्ही उत्तर देऊ नका, आणि नवऱ्यालाही ग्रुपवर देऊ देऊ नका. तिथे तुमच्या बाजूने बोलणारे चार आणि त्याच्या बाजूने बोलणारे तीन जमतात आणि एका बाटलीची पंचायत बसते. मित्र नवऱ्याचा आहे, तेव्हा बोलायचं काम नवऱ्याचं. फोन उचलून त्याने म्हणावं, "अरे, त्या दिवशी बाटलीचं राहूनच गेलं, आधीच्या थंड करून ठेवल्या होत्या. आता एक दिवस ती उघडायलाच या दोघं." लांबण लावायची गरज नाही, माफीची तर नाहीच. नवऱ्याला हे बोलणं जड जात असेल, तर तुम्ही दोन दिवस अबोला धरला तो उगाच नव्हता असं मी म्हणेन.

म्हणजे त्या बाटलीचं काय करायचं हेही यातच आलं. ती त्याच्याकडे जेवायला जाताना घेऊन जाऊ नका. त्याने दिलेली बाटली त्याच्याच दारात परत देणं हा विनोद कितीही छान वाटला, तरी त्याचा अर्थ "घे तुझी तुला" असाच होतो. ती ठेवा. बुचाची असेल तर आडवी ठेवा म्हणजे बूच वाळून आकसत नाही, फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही. अंधाऱ्या, गार कपाटात. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे ऊबही असते आणि थरथरही. फार काळ जपूनही ठेवू नका. "वाइन जितकी जुनी तितकी चांगली" हे थोड्याशाच वाइनच्या बाबतीत खरं आहे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात. दोन-तीन महिन्यांत तो मुहूर्त लागला नाही, तर उघडा आणि नवऱ्याला कशी वाटली ते मित्राला त्याच रात्री कळवायला सांगा. बुरशी लागल्यासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे. त्याने अपाय होत नाही पण चव जाते. तेवढं मात्र मित्राला कळवू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न: न पिणाऱ्याने बाटली न्यायची का?

बिलकुल गरज नाही. जेवायला जाताना काहीतरी न्यावं हे चांगलं, पण ते वाइनच असावं असा नियम कुठेच नाही. उलट ज्या वस्तूतलं आपल्याला काही कळत नाही ती केवळ रीत म्हणून विकत घेतली, की माणूस एक तर नको तेवढे पैसे घालवतो किंवा दुकानदाराच्या अंगावर आलेली बाटली घेऊन घरी येतो. त्यातून तुमच्या या मित्राशी बाटलीचाच इतिहास आहे. तिथे वेगळंच काहीतरी न्या, विषय आपोआप बदलेल.

काय नेऊ नये, ते सांगणं सोपं आहे. यजमानाला काम लावणारी वस्तू नेऊ नये. फुलांचा मोठा गुच्छ दिसायला सुरेख, पण तो हातात पडतो तेव्हा यजमानाचा एक डोळा शेगडीवर असतो. त्याने कागद काढायचा, देठ कापायचे, भांडं शोधायचं, पाणी भरायचं. फुलं द्यायचीच असतील तर सकाळी पाठवून द्या, नाहीतर भांड्यासकट न्या. जेवणानंतरचा गोड पदार्थ न विचारता नेऊ नका. यजमानाने तो केलेला असतो, आणि मग दोन गोडांची स्पर्धा होऊन एकाचं उष्टंमाष्टं उरतं. चांगली चॉकलेटं, मुरंबा, मध, साबण, एखादं रोपटं अशी वस्तू बरी. देताना सांगा, "हे आज उघडू नका, तुम्हा दोघांसाठी आहे." बघा, किती सोपं असतं ते वाक्य. तुमच्या मित्राने ते किंवा त्याच्या उलट वाक्य त्या दिवशी म्हटलं असतं तर हे पत्र मला आलंच नसतं.

"काय आणू?" असं विचारून तर बघाच. "काही नको" असं उत्तर आलं तर ते खरं माना आणि लहानसं काहीतरी न्या. "बर्फ आण" असं उत्तर आलं तर बर्फच न्या, त्याच्या जागी काहीतरी भारी नको. ज्याला बर्फ हवाय त्याला बर्फाचीच अडचण आहे.

ज्यांना वाइन न्यायचीच आहे त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण या विषयावरची पत्रं बरीच साठली आहेत. पहिली गोष्ट, त्या घरात दारू चालते का हे माहीत नसेल तर नेऊ नका. काही घरांत श्रद्धेमुळे चालत नाही, काहींत कुणीतरी मोठ्या कष्टाने सोडलेली असते. अशा घराच्या दारात चमकदार कागदात बांधलेली बाटली पुढे करणं म्हणजे यजमानाला स्वतःच्याच घरात अवघडून टाकणं. शाकाहाराबद्दल काटेकोर असलेल्यांकडे नेताना लेबल वाचा. वाइन नितळ करायला काही वेळा अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. सगळ्याच वाइनमध्ये नाही, पण वापरतात, आणि हे पुष्कळ पिणाऱ्यांनाही माहीत नसतं. प्राणिज काही न वापरलेल्या बाटलीवर बहुधा तसं छापलेलं असतं.

किंमत हा विषयच काढू नका. चिकटवलेला आकडा घरीच सोलून टाका, आणि "ही मिळत नाही हं सहज" हे वाक्य गिळा. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समज आता सोडा. उत्तम वाइनही त्या झाकणात येते आणि बुचाचा दोष तिला लागत नाही. फेसाळणारी वाइन न्यायची असेल तर गार करून न्या आणि वाटेत हलवू नका. तिच्या आत पाच-सहा वातावरणांएवढा दाब असतो. उघडताना बूच हाताने घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नव्हे, आणि तोंड माणसांकडे नको, दिव्यांकडेही नको. मोठा आवाज काढून बूच उडवणं हा पराक्रम नाही. नीट उघडलेली बाटली नुसती सुस्कारा टाकते. आणि प्रत्येक फेसाळणाऱ्या बाटलीला शॅम्पेन म्हणू नका. ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन भागात तयार होणाऱ्या वाइनचं आहे. अर्थात यजमानाने तसं म्हटलं तर दुरुस्त करू नका, ती चूक नावाच्या चुकीपेक्षा मोठी.

तुम्ही पुन्हा कधी लोकांना बोलवाल तेव्हासाठी थोडं. पिणाऱ्या माणशी अर्धी बाटली धरली की संध्याकाळ निघते. सात जणांना तुम्ही तीन आणल्या होत्यात, हिशोब थोडा कमी पडत होता, हेही त्या मित्राच्या लक्षात आलं असेल. एखादी जास्तीची ठेवा. न उघडलेली वाया जात नाही, आणि उघडलेली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. ग्लास काठोकाठ भरू नका, एक तृतीयांश पुरे. पाण्याचा जग टेबलावर ठेवा, आत ठेवाल तर कुणी मागणार नाही. माणसं आल्यापासून तासाभरात जेवण वाढा. रिकाम्या पोटी दोन तास गप्पा चालल्या की वाइन डोक्यात जाते आणि जेवणाची चव कुणालाच कळत नाही.

तुम्ही स्वतः पीत नाही, म्हणून न पिणाऱ्याची अवस्था मी तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, कारण हे दुसरेही वाचतील. न पिणाऱ्याला तसाच सुंदर ग्लास द्या, आणि त्यात पाण्याखेरीज काहीतरी असू द्या. तो का पीत नाही हे विचारू नका. औषध चालू असेल, दिवस गेले असतील, श्रद्धा असेल, नाहीतर नुसतं आवडत नसेल. त्याने भर मैफलीत कारण देण्याची काही गरज नाही. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग मानतात. जेवणाचा आग्रह मी समजू शकते, दारूचा नाही. एका वाढप्याने पानात एक घास जास्त टाकला तर पोट जड होतं इतकंच. बारा टक्के मद्यार्क असलेल्या वाइनच्या दीडशे मिलीच्या ग्लासात सुमारे 14 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो आणि तो निचरायला शरीराला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारल्याने तो वेळ मिनिटभरही कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलं की तब्येतीच्या दृष्टीने मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येणार नाही. ज्याला घ्यायची तो हे माहीत असून घेईल. ज्याने ग्लासावर हात ठेवला, त्याच्या बोटांमधून ओतू नका. आणि गाडी चालवणाऱ्याला "एकाने काय होतंय?" असं म्हणणाऱ्या यजमानाकडे मी पुन्हा जाणार नाही.

रेड वाइन सांडली तर स्वच्छ फडक्याने टिपा, चोळू नका, गार पाणी लावा आणि बोलणं पुढे चालू ठेवा. सांडणाऱ्याचा चेहरा डागापेक्षा जास्त लाल झालेला असतो.

पाहुणे म्हणून जाताना बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणार. दिलेल्या वेळेआधी पोचायचं नाही. दहा मिनिटं उशीर हा यजमानाला दिलेला अहेर असतो, पाऊण तास उशीर हा अपमान. काही पदार्थ चालत नसेल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगायचं, ताटावर बसल्यावर नाही. न विचारता पाहुण्याचा पाहुणा न्यायचा नाही. आणि "मदत करू का?" एकदाच विचारायचं. नको म्हटल्यावर स्वयंपाकघरात घुसून कपाटं उघडायची नाहीत.

तुमच्या मित्राने त्या दिवशी स्वतःच्या घरी बाटलीचा विनोद पुन्हा काढलाच, तर हसा आणि म्हणा, "ती तुमच्या दोघांसाठी राखून ठेवलीये, कधी येताय सांगा." तारीख तिथेच ठरवून टाका. नवऱ्याने मोकळेपणाने घ्यावी, परत येताना गाडी तुम्ही चालवा. एरवी न पिणाऱ्याने नेहमी सगळ्यांना पोचवत फिरावं हे मला पटत नाही, पण या एका रात्रीपुरतं घरातली शांतता विकत घ्यायला ते स्वस्त आहे. दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन शब्द पाठवाल ते ग्रुपवर नको. तिथे अंगठे उंचावले जातात आणि संपतं. ज्याने स्वयंपाक केला असेल त्याला वेगळे पाठवा, आणि त्यात एका पदार्थाचं नाव घ्या.